जास्तीची गुट्टी

सुताराच्या घरात एक खिळा ठोकायला वर्ष लागतंय, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा सगळ्याजणी हसल्या. मीपण हसले. घरी आले, पाण्यासाठी फ्रिज उघडला आणि मुठीला अडकवलेलं कॅलेंडर पायावर पडलं, तेव्हा हसू गेलं. गार्गीचं, म्हणजे माझ्या लेकीचं, कबड्डीचं मेडल बाथरूमच्या नळावर लटकतंय. हॉलच्या पडद्याचा दांडा एका बाजूने निखळलाय आणि ती बाजू आम्ही कपड्यांच्या चिमट्याने ग्रिलला धरून ठेवली आहे. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत, गळ्यात चंदनाचा हार घालून, बाबा बसलेत. म्हणजे बाबांचा फोटो बसलाय.

बाबा म्हणजे माझे सासरे, जयवंत मेस्त्री. आडनावाने सुतार आणि हातानेही सुतार. तरुणपणी फौजेत, आणि तिथून सुटल्यावर घाटकोपरला, पंतनगरात. गेल्या वर्षी एका रविवारी बांगड्याचं तिखलं जेवले, सोलकढीची वाटी तोंडाला लावली, "नलिनी, कढी आज झकास," म्हणाले, ह्याच खुर्चीत टेकले आणि चार वाजता चहाला उठलेच नाहीत. असं मरण यायला पुण्याई लागते, असं आलेला प्रत्येक माणूस सांगून गेला. नलिनी म्हणजे आई, माझ्या सासूबाई. त्या गॅसवरचं आधण बघत फक्त म्हणाल्या, "आता ह्यो च्या कोण पितलो?"

तर फोटो. फोटोत बाबांच्या कानावर पेन्सिल आहे. पेन्सिलीशिवाय त्यांचा एकही फोटो आम्हाला सापडला नाही, लग्नातलासुद्धा नाही. फोटो मोठा करून देणारा म्हणाला, कॉम्प्युटरवर पेन्सिल काढून टाकतो. आई म्हणाल्या, "पेन्सिल काढलंस तर उरतले कोण?" पेन्सिल राहिली. फ्रेम झाली, हार आला. आणि गाडी अडकली ती खिळ्यापाशी, कारण मेस्त्रींच्या घरात गाऱ्हाण्याशिवाय खिळा ठोकत नाहीत.

गाऱ्हाणं ही कोकणातली देवाशी बोलायची रीत. घरातल्या कर्त्याने उभं राहून देवाला मोठ्याने सांगायचं, की बाबा रे, आज आम्ही अमुक करतोय, सांभाळून घे. आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावी ते नारळ ठेवताना देतात, लग्नात देतात, गणपतीत देतात. आमचे बाबा प्रत्येक कामाआधी द्यायचे. गिऱ्हाइकाच्या घरी हत्यारांची पिशवी खाली ठेवायची, चपला दाराबाहेर, हात जोडायचे आणि सुरू: "बा देवा म्हाराजा, आज ह्या माऊलीच्या सैपाकघरात कपाट लागता हा, तेचा दार कधी करकरू नये, तेच्यात कधी झुरळ शिरू नये, रे म्हाराजा!" आणि गिऱ्हाइकाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हणेपर्यंत बाबा हातोडीला हात लावायचे नाहीत. गुजराती असो, तमिळ असो, चष्मा लावून लॅपटॉपवर मिटिंगमध्ये बसलेला पोरगा असो. तो पोरगा एकदा माइक बंद करायला विसरला, आणि त्याच्या अख्ख्या ऑफिसने म्हणे "व्हय म्हाराजा" ऐकलं.

मी एकदा विचारलं होतं, एवढं कशासाठी? बाबा म्हणाले, "खिळो मारूचो म्हणजे दुसऱ्याच्या घराक भोक पाडूचा. विचारून पाडलेला बरा."

फौजेतही हेच. इंजिनिअरांच्या पलटणीत होते, पूल बांधायचे. पूल तयार झाला की पहिली गाडी सोडायच्या आधी साहेब, तो सरदारजी होता, हाक मारायचा, "ओय मेस्त्री, अपने महाराजा को याद कर ले!" मग बर्फात उभं राहून बाबा मालवणीत गाऱ्हाणं द्यायचे आणि पंजाबी, मद्रासी, गढवाली सगळे मिळून "व्हय म्हाराजा" करायचे. पूल एकदाही बसला नाही, असं बाबा सांगायचे. ते गाऱ्हाण्याने की बाबांच्या हाताने, हे मी विचारलं नाही. सुनेने काही गोष्टी विचारू नयेत.

मी दिशा, साताऱ्याची. शाळेत पीटी शिकवते, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी. बघायला आले तेव्हा बाबांनी मला एकच प्रश्न विचारला, "खिळो ठोकूक येता?" मी म्हटलं, "येतो. वेळ आली तर माणसंही ठोकते." सुबोध, म्हणजे आताचा नवरा, खुर्चीत पार खाली घसरला. बाबा ताडकन उठले, टाचा जुळवल्या आणि मला सॅल्यूट ठोकला. लग्न ठरलं ते तिथेच. पुढे कांदेपोहे आले ते निव्वळ रीत म्हणून.

ह्या घरात आल्यावर मला कळलं की इथे सगळ्याची घडी होते. तंबूत राहिलेल्या माणसाला रिकामी जमीन दिसल्याशिवाय झोप येत नाही. जेवायचं टेबल भिंतीत घडी होतं, गार्गीचं अभ्यासाचं टेबल कपाटात, इस्त्रीची फळी दारामागे. "ह्या घरात घडी होत नाही अशी एकच वस्तू आहे," बाबा आल्यागेल्याला सांगायचे आणि आईंकडे बघायचे. आई चारचौघांत त्यांना "हे" म्हणायच्या आणि रागावल्या की "मेलो". दिवसभरात "हे" क्वचितच कानावर यायचं.

पाळणासुद्धा घडीचा. सुबोध झाला ते बाबांना कुठल्याशा बर्फाच्या ठाण्यावर कळलं. सुट्टी मिळेना. मग सामानाच्या खोक्यांच्या देवदारी फळ्या जमवून त्यांनी पाळणा केला, रात्रपाळी संपली की शेकोटीपाशी बसून. सुट्टी मिळाल्यावर तो घडी करून, बिस्तऱ्यात गुंडाळून, जम्मूहून गाडीने आणला. डब्यातल्या लोकांना वाटलं, बंदुकीचं काहीतरी आहे, आणि सगळ्यांनी त्यांना मुकाट्याने खिडकीची जागा दिली. घरी आले तेव्हा सुबोध पाच महिन्यांचा होता आणि बापाला बघून भोकाड पसरत होता. पाळण्यात टाकला आणि गप्प झाला. गार्गी त्याच पाळण्यात झोपली. पंतनगरातली निम्मी पोरं त्यात झोपलीत, कारण बाबा तो मागेल त्याला द्यायचे, आणि गाऱ्हाण्यासकट द्यायचे.

अशा माणसाचा फोटो खुर्चीत. गंमत अशी, की हातोडी मी केव्हाच घेतली होती. दिवसकार्य उरकल्यावर एका रविवारी स्टूल ओढलं, खिळा दातात धरला. आई येऊन भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "गाऱ्हाण्याबिगर? आदी माझ्या अंगार ठोक." मी म्हटलं, मग सुबोध देईल गाऱ्हाणं. सुबोध म्हणाला, "मला शब्द येत नाहीत यार." जन्मभर ऐकलं त्याचे शब्द येत नाहीत! गावच्या काकांना व्हिडिओ कॉल लावू का विचारलं, तर आई म्हणाल्या, "देवाक रेंज गावतली?" झालं. पडदा चिमट्यावर, मेडल नळावर.

एकदा सुबोधला मोबाइलमध्ये जुना व्हिडिओ सापडला. सोसायटीच्या पूजेला बाबा पाण्याच्या पंपासाठी गाऱ्हाणं देतायत. सुबोधला वाटलं, हीच युक्ती. बाबांचंच गाऱ्हाणं लावू आणि खिळा ठोकू. त्याने मोठ्या आवाजात लावलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो पंप नेमको अंघोळीच्या टायमाक बंद पडता, तेका बुद्धी दी, रे म्हाराजा!" आई आत भाकरी थापत होत्या. आतूनच, हात न थांबवता, सवयीने ओरडल्या, "व्हय म्हाराजा!" मग भाकरीचा आवाज थांबला. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. तव्यावरची भाकरी जळल्याचा वास आला तरी आल्या नाहीत. सुबोधने मोबाइल बंद केला, आणि त्यानंतर घरात खिळ्याचं नाव कुणी काढलं नाही.

त्या दिवशी मला कळलं, घोडं कुठे पेंड खातंय. गाऱ्हाणं हा बहाणा होता, दोघांचाही. मी आईंना सरळच विचारलं. त्या कोकम निवडत होत्या. म्हणाल्या, "खुर्चीत असत तवसर असत. भिंतीर गेले म्हणजे गेलेच ना गो." सुबोधला विचारलं. तो म्हणाला, "गाऱ्हाणं घरातला मोठा देतो. मी दिलं म्हणजे मी मोठा झालो. मला नाही व्हायचंय." चाळिशी आलेला, सांताक्रूझला विमानाच्या मालाच्या ऑफिसात चार माणसं हाताखाली असलेला बाप्या, आणि मोठं व्हायचं नाही म्हणतो. मला रडू आलं आणि रागही आला. मला राग लवकर येतो आणि बराच वेळ टिकतो.

कारण वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. पाहुणे येणार, बसायला जागा लागणार, आणि त्या खुर्चीत आजवर कुणी बसलं नव्हतं. आई सकाळी पहिला चहा तिच्यासमोर ठेवायच्या, गार झाला की झाडाला घालायच्या. ते झाड चहावर चांगलं फोफावलं, पण आई वाळत चालल्या होत्या. त्यांनी वर्षभरात कुणाला शिवी दिली नव्हती. बाबांना नाही, दूधवाल्याला नाही, मलासुद्धा नाही. बाबांचं नाव निघालं की "ते" म्हणायच्या, परक्या माणसाबद्दल बोलावं तसं. मला माझी जुनी सासू परत हवी होती, आणि ती त्या फोटोपाशी अडकून पडली होती.

वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी सकाळी जिग्नाबेन आल्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या; त्यांच्या घरची सगळी कपाटं बाबांची. श्राद्धाच्या स्वयंपाकासाठी मोठं पातेलं द्यायला आल्या होत्या. खुर्चीतला फोटो बघितला आणि थबकल्या.

"अरे, हे अजून इथेच? भिंतीवर का नाय लावला?"

"खिळा नाही ठोकायचा," मी म्हटलं. "घरात कर्फ्यू आहे."

"पण खिळा कशाला पाहिजे? गुट्टी असेल ना!"

गुट्टी म्हणजे भिंतीत भोक पाडून त्यात ठोकून बसवलेला लाकडाचा तुकडा. त्यावर लिंपून रंग मारला की दिसत नाही, पण पुढे कधीही त्यात स्क्रू फिरवता येतो. जुने सुतार रंगकामाच्या आधी कपाटांसाठी, घड्याळासाठी अशा गुट्ट्या मारून ठेवायचे.

"कसली गुट्टी?" आई आतून बाहेर आल्या.

"अरे नलिनीबेन, जास्तीची." जिग्नाबेन पातेलं मांडीवर घेऊन दिवाणावर बसल्या. "आमच्या घराला रंग काढला तेव्हा जयवंतभाईंनी सगळ्या गुट्ट्या लावल्या, आणि हॉलमध्ये एक जास्ती लावली. मी बोलली, ही कशाला? इथे तर काय नाय लावायचंय. तर बोलले, 'बेन, घर आहे. कधीतरी लागेल.' मी बोलली, ठीक छे, लाकडाचा तुकडा आहे, राहू दे. मग आमचे मिस्टर गेले, जितूभाई. तुला माहितीये ना, दिशा, कसे अचानक गेले. तिसऱ्या दिवशी जयवंतभाई आले. काय बोलले नाय. भिंतीवर बोट ठेवलं, नखाने रंग काढला, स्क्रू फिरवला आणि फोटो लावून दिला. ठक पण नाय झालं. माझी सासू बाजूला झोपली होती, ती उठली पण नाय."

सुबोध आणि गार्गीही ऐकायला बाहेर आले होते. जिग्नाबेन पदराने पातेल्याचा काठ पुसत राहिल्या. "सगळ्यांकडे लावायचे ते. रेड्डींकडे पण आहे. आम्ही बायका बोलतो ना आपसात."

आई हळूच खाली बसल्या. मग त्यांनी सांगितलं ते सुबोधलाही ठाऊक नव्हतं. पलटणीत असताना नदीला पूर आला आणि पुलावर काम करणारा बाबांचा एक सोबती वाहून गेला. मृतदेह सापडल्यावर त्याच्या शवपेटीचं झाकण बाबांनी बसवलं, सुतार म्हणून ते काम त्यांच्याकडेच आलं. त्या पोराचा भाऊ शेजारी उभा होता आणि प्रत्येक खिळ्याला दचकत होता. "तवापासून तेनी नेम केल्यान," आई म्हणाल्या. "दुःखाच्या घरात हातोडी उचलूची नाय. गुट्टीचा मात्र माका कधी बोलूक नाय."

एवढा गप्पिष्ट माणूस, पंपासाठी देवाशी हुज्जत घालणारा, आणि ही एक गोष्ट बायकोलाही सांगितली नाही. मला त्या क्षणी बाबांची इतकी आठवण आली की मी उठून उगाच पंख्याचं बटण चालू-बंद केलं.

मग डोक्यात प्रकाश पडला. गार्गी शाळेत जायला लागली त्या वर्षी आमच्या घराला रंग काढला होता. वास नको म्हणून बाबांनी आम्हा सगळ्यांना गावी पाठवलं आणि भिंतीचं काम एकट्याने केलं.

"सुबोध, ऊठ," मी म्हटलं. पीटीच्या आवाजात म्हटलं, त्यामुळे जिग्नाबेनसुद्धा उठल्या. "भिंती वाजवा."

पुढचा तासभर आमच्या घरात जे चाललं होतं ते खालच्या मजल्यावरच्यांनी काय समजून ऐकलं, देव जाणे. चौघांनी चार भिंती घेतल्या आणि बोटांच्या पेरांनी ठोकत सुटलो. विटेची भिंत टकटक वाजते, लाकूड असेल तिथे डब्ब असा बसका आवाज येतो. हे बाबांनीच गार्गीला खेळ म्हणून शिकवलं होतं. तिला घड्याळाची गुट्टी सापडली, कपाटाच्या सापडल्या. जिग्नाबेनना विजेच्या वायरींची लाकडी पट्टी सापडली. सुबोधला काही सापडलं नाही, कारण तो एकाच जागी ठोकत, दुसरीकडेच बघत उभा होता.

आई उठल्या नव्हत्या. बसल्या जागेवरून आमची मजा बघत होत्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, "खुळ्यांनो, तेंका काय सोदतास असा? तेंची खुर्ची खय, तेंचा तोंड खय व्हता?" मग स्वतःच उठल्या, खुर्चीतला फोटो उचलून छातीशी धरला आणि खुर्चीत बसल्या. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी त्या खुर्चीत बसलं. त्यांनी समोर बघितलं. समोर स्वयंपाकघराचं दार, आणि दाराच्या शेजारी रिकामी भिंत, जिथून चहा घेऊन येणारं माणूस दिसतं. "थयसर वाजव," त्या म्हणाल्या.

गार्गीने वाजवलं. डब्ब.

सुबोधने बाबांच्या पिशवीतून पटाशी काढली. नखाएवढा रंग खरवडला आणि आत पिवळसर लाकूड दिसलं. त्याने नाक जवळ नेलं. "देवदार," म्हणाला. पाळण्यातून उरलेली फळी बाबांनी वर्षानुवर्षं माळ्यावर जपून ठेवली होती, ती कुठे गेली हे आता कळलं.

मी स्क्रू पुढे केला. "आई, खिळा नाही, स्क्रू आहे. हातोडी नाही. आता तरी?"

"मेस्त्रीच्या घरात पळवाट नाय," आई म्हणाल्या. "गाऱ्हाणा होवक व्हया." आणि सुबोधकडे बघितलं.

सुबोधने मान हलवली नाही, बहाणा केला नाही. चपला काढल्या, हात जोडले. आम्ही सगळे त्याच्या मागे उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" जिग्नाबेनचा आवाज सगळ्यात मोठा.

"आज ह्या घरात..." सुबोध म्हणाला. "आज ह्या घरात बाबांचो..." आणि थांबला. त्याची पाठ हलायला लागली. मी हात पुढे केला, पण त्याच्या खांद्यावर माझ्या आधी दुसरा हात पडला होता.

गाऱ्हाणं बायका देत नाहीत. निदान आमच्या घरी मी कधी ऐकलं नव्हतं. आईंनी पदर खांद्यावर ओढला, फोटो काखेत धरला आणि सुबोधला बाजूला केलं. "जन्मभर व्हय म्हाराजा म्हणत इलंय," त्या म्हणाल्या. "मधला माका पाठ नसात?"

मग आवाज लावला. तो आवाज त्यांच्याकडे होता हे मला माहीत नव्हतं.

"बा देवा रवळनाथा, तू बारा वाडयेचो राजा! आज जयवंत मेस्त्रीचो फोटो ह्या भिंतीर लागता हा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या माणसान उभ्या पंतनगरात खिळे मारल्यान, पण खय कोणाच्या भिंतीक तडो पाडूक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"पलटणीत पूल बांधल्यान, हयसर पाळणे बांधल्यान, घरात सगळ्याची घडी घातल्यान. फक्त माझी घडी तेका जमूक नाय, रे म्हाराजा!"

सुबोध रडता रडता हसला. "व्हय म्हाराजा!"

"कधी काय उणा-दुणा बोललंय असात, कढीत मीठ जास्त पडला असात, ता पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"आता तेका तुझ्याकडे ठेवून घे. तुझ्या देवळाची दारां करकरत असतली, तेका काम दी. रिकामो बसवू नको. रिकामो बसलो की डोक्याक ताप करता!"

"व्हय म्हाराजा!"

आई थांबल्या. एक श्वास घेतला. मग आवाज खाली आणून, देवाशी नाही तर शेजारणीशी बोलावं तसं म्हणाल्या, "आनी चार वाजता तेका च्या दी, रे म्हाराजा. साखर कमी."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

सुबोधने स्क्रू फिरवला. देवदारात तो सरळ, अलगद गेला, ठक झालं नाही. बाबा भिंतीवर गेले. कानावर पेन्सिल, नजर थेट खुर्चीवर. जिग्नाबेननी नाक पुसलं, मी पडदा धरणाऱ्या चिमट्याकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, आता तुझे दिवस भरले.

एवढ्यात गार्गी ओरडली. तिचं ठोकणं थांबलंच नव्हतं. "आजी, इथे पण वाजतंय!"

फोटोच्या बाजूला, हातभर अंतरावर, त्याच उंचीला. तिने पुन्हा ठोकलं. डब्ब. सुबोधने पटाशीने रंग खरवडला. तेच पिवळसर लाकूड.

आमच्यापैकी कुणालाच सांगावं लागलं नाही, ही दुसरी कुणासाठी. मी आईंकडे बघायला घाबरले. जिग्नाबेननी पातेलं पोटाशी घट्ट धरलं. आई जवळ गेल्या, चष्मा कपाळावर चढवला, त्या लाकडाच्या ठिपक्याला बोट लावून बघितलं. मग कमरेवर हात ठेवून भिंतीवरच्या नवऱ्याकडे वळल्या.

"मेलो!" त्या म्हणाल्या. "माझीपण सोय करून ठेवल्यान मेल्यान! बाजूक पण बसवल्यान! तकडे पण माका सुटका नाय?"

आणि हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, अशा हसल्या की त्यांना धरून खुर्चीत बसवावं लागलं. मग आम्हालाही आवरेना. गार्गीला काय झालं ते कळलं नव्हतं, तरी ती सगळ्यात मोठ्याने हसत होती.

"आई, हे बुजवून टाकू का?" सुबोधने डोळे पुसत विचारलं.

"बुजवतलंस कित्याक? चांगला लाकूड आसा." आईंनी फ्रिजकडे बोट केलं. "माका अजून टाइम आसा. तवसर थयसर कॅलेंडर लाव. येता-जाता पायात येता मेला."

सुबोधने दुसरा स्क्रू घेतला आणि सवयीने चपला काढायला लागला.

"काय करतंस रे?" आई म्हणाल्या.

"गाऱ्हाणं नको?"

"माझ्या जागेर काय लावूचा ता मी सांगतंय. देवाक कित्याक इचारूचा?" त्या उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "जिग्ना, बस गो. च्या टाकतंय. सगळ्यांक."

चहा आला तेव्हा मी कप मोजले. बाबांचा कप त्यात नव्हता. आईंनी तो धुऊन, स्वतःसाठी भरून घेतला होता, आणि त्या खुर्चीत बसून, भिंतीकडे बघत, फुंकर घालून पीत होत्या.